अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये फोरग्राउंड सर्व्हिस सुरू आणि बंद करण्याचा योग्य क्रम

फोरग्राउंड सर्व्हिस म्हणजे वर नोटिफिकेशन दाखवत, स्क्रीन बंद असतानाही चालत राहणारा अ‍ॅपचा भाग. ती सुरू करण्याचा कोड बहुतेकांना एका दुपारीत जमतो. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या क्रमाने बंद करायची, हा प्रश्न मात्र अ‍ॅप लोकांच्या हातात गेल्यावर उभा राहतो. मग दोन तक्रारी आलटून पालटून येतात: काम संपले तरी वरचे नोटिफिकेशन हटत नाही आणि बॅटरी उतरत राहते, किंवा स्क्रीन बंद केली की चालू काम मध्येच तुटते. वरवर उलट दिसणाऱ्या या तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते. थांबण्याचा मार्ग आधी ठरवलेला नसतो, आणि म्हणून सुरू करण्याची जागाही चुकते. पुढील टप्पे याच कारणाने नेहमीपेक्षा वेगळ्या क्रमाने मांडले आहेत.

उदाहरण सगळीकडे एकच आहे. काटोलकडून संत्री भरून नागपूरच्या कळमना बाजारात येणाऱ्या गाडीच्या चालकासाठी एक अ‍ॅप आहे. चालक ‘फेरी सुरू’ हे बटण दाबतो, फोन डॅशबोर्डवर ठेवतो, वाटेत गाडीचे ठिकाण नोंदले जाते आणि माल उतरला की तो ‘फेरी संपली’ दाबतो. भाषा कोटलिन आणि टार्गेट एसडीके (ज्या अँड्रॉइड आवृत्तीचे नियम लागू होतात ती) ३४, म्हणजे अँड्रॉइड १४, किंवा त्यापुढचे धरले आहे.

## टप्पा १: सर्व्हिस खरोखर हवी आहे का, ते ठरवा

जे काम वापरकर्त्याला जाणवते, त्याने स्वतः सुरू केलेले असते आणि जे मध्ये तुटून चालत नाही, त्याच कामासाठी फोरग्राउंड सर्व्हिस घ्यावी. फेरीची नोंद या कसोटीला उतरते. दिवसाअखेरच्या पावत्या सर्व्हरवर चढवणे उतरत नाही. ते काम वर्कमॅनेजर या नंतर करायची कामे सांभाळणाऱ्या लायब्ररीकडे द्यावे, म्हणजे नेटवर्क आल्यावर ते आपोआप होते आणि फोन बंद होऊन सुरू झाला तरी टिकते. वर्कमॅनेजरमधील आवर्ती कामाचे किमान अंतर १५ मिनिटांचे असते, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे. दर मिनिटाला चालणारे काम त्यात बसवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

साधी, म्हणजे नोटिफिकेशनशिवाय चालणारी बॅकग्राउंड सर्व्हिस हा पर्याय २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून जवळपास संपला आहे. अ‍ॅप पडद्याआड गेल्यानंतर थोड्याच वेळात सिस्टिम अशी सर्व्हिस थांबवते, आणि अ‍ॅप पडद्याआड असताना ती सुरू करू गेल्यास इल्लीगलस्टेटएक्सेप्शन ही त्रुटी येते. जुन्या व्हिडिओंमध्ये दाखवलेला नुसता स्टार्टसर्व्हिसचा कोड आज चालत नाही, त्याचे कारण हेच.

## टप्पा २: थांबण्याच्या सगळ्या वाटा आधी कागदावर लिहा

एडिटर उघडण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि सर्व्हिस कोणकोणत्या प्रकारे थांबू शकते, ते लिहून काढावे. आपल्या उदाहरणात ही यादी वाटते त्याहून लांब निघते. चालक अ‍ॅपमधील बटण दाबेल. तो नोटिफिकेशनवरचे बटण दाबेल. तो फेरी संपवायला विसरेल आणि गाडी रात्रभर कळमन्याच्या आवारात उभी राहील. तो रिसेंट्सच्या यादीतून अ‍ॅप सरकवून टाकेल. सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेशनची परवानगी काढून घेईल, आणि तसे केल्यास अ‍ॅपची प्रोसेसच मारली जाते. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनच्या पडद्यात चालू अ‍ॅप्सची जी यादी दिसते, तिथून तो ‘स्टॉप’ दाबेल. त्या वेळी अ‍ॅपला कोणताही कॉलबॅक (सिस्टिमकडून येणारी सूचना) मिळत नाही. मेमरी कमी पडली म्हणून सिस्टिम प्रोसेस मारेल. फोनची बॅटरी संपेल.

आता या यादीचे दोन भाग करावेत: ज्या वेळी आपला कोड चालेल त्या वाटा, आणि ज्या वेळी चालणार नाही त्या. पहिल्या भागासाठी बंद करण्याची एकच फंक्शन लिहायची असते. दुसऱ्या भागासाठी बंद करण्याचा कोड लिहिताच येत नाही. तिथे अ‍ॅप पुन्हा उघडल्यावर अर्धवट फेरी ओळखून ‘मागील फेरी चालू ठेवायची की संपवायची?’ असे विचारावे लागते. फेरीची सुरुवात डेटाबेसमध्ये नोंदवणे आवश्यक ठरते ते यासाठी. सर्व्हिस चालू आहे की नाही, हे एखाद्या स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवून भागत नाही, कारण प्रोसेस गेली की ते व्हेरिएबलही जाते.

तपासणी: कागदावरील प्रत्येक वाटेपुढे ‘कोड चालेल’ किंवा ‘पुढच्या वेळी उघडल्यावर निस्तरू’ यांपैकी एक शेरा असला पाहिजे. एखादी वाट बिनशेऱ्याची राहिली असेल, तर पुढे जाऊ नये.

## टप्पा ३: मॅनिफेस्ट आणि परवानग्या

मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपची माहिती सिस्टिमला सांगणाऱ्या फाइलमध्ये, तीन गोष्टी लागतात. पहिली, फोरग्राउंड सर्व्हिसची सर्वसाधारण परवानगी, जी अँड्रॉइड ९ पासून सक्तीची आहे. दुसरी, प्रकारानुसार वेगळी परवानगी. आपल्याकडे ती ‘फोरग्राउंड सर्व्हिस लोकेशन’ ही आहे. तिसरी, सर्व्हिसच्या टॅगवर फोरग्राउंडसर्व्हिसटाइप हे अ‍ॅट्रिब्यूट आणि त्यात ‘लोकेशन’ ही किंमत. अँड्रॉइड १४ पासून प्रकार न लिहिल्यास सर्व्हिस फोरग्राउंडमध्ये जाताना एक्सेप्शन येते. प्रकार लिहिला पण त्याची परवानगी लिहिली नाही, तर सिक्युरिटीएक्सेप्शन येते. एक्सपोर्टेड हे अ‍ॅट्रिब्यूट फॉल्स ठेवावे, म्हणजे दुसरे अ‍ॅप ही सर्व्हिस चालवू शकणार नाही.

प्रकार निवडताना प्रामाणिक राहावे. ठिकाणाची नोंद ‘डेटासिंक’ या नावाखाली खपवण्याचा मोह काहींना होतो, पण अँड्रॉइड १५ मध्ये त्या प्रकाराला २४ तासांत एकूण ६ तासांची मर्यादा आहे. ती ओलांडली की ऑनटाइमआउट येते आणि काही सेकंदांत सर्व्हिस थांबवली नाही तर अ‍ॅप कोसळते. शिवाय प्ले कन्सोलमध्ये प्रत्येक प्रकाराचे कारण जाहीर करावे लागते, ते वेगळेच.

वापरकर्त्याकडून मागायच्या परवानग्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी लोकेशन, तीही ‘अ‍ॅप वापरात असताना’ एवढीच. नंतर, अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर, नोटिफिकेशनची. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. स्क्रीन बंद असताना ठिकाण हवे असेल तर ‘नेहमी परवानगी द्या’ हा पर्याय लागतोच, असे अनेकजण धरून चालतात. वस्तुतः अ‍ॅप पडद्यावर असताना लोकेशन प्रकारची फोरग्राउंड सर्व्हिस सुरू केली, तर ‘वापरात असताना’ एवढ्याच परवानगीवर ती स्क्रीन बंद झाल्यावरही ठिकाण घेत राहते. आधीच धास्तावलेल्या चालकापुढे नको ती परवानगी मागणारा पडदा उभा केला, तर तो ‘नाही’ दाबून मोकळा होतो.

सावधान: नोटिफिकेशनची परवानगी नाकारली तरी सर्व्हिस चालते, फक्त नोटिफिकेशन पडद्यात दिसत नाही. परवानगी नाही म्हणून फेरीच सुरू होऊ न देणे ही चूक आहे.

## टप्पा ४: चॅनल आणि नोटिफिकेशन

नोटिफिकेशन चॅनल (एका प्रकारच्या नोटिफिकेशनचा गट) अ‍ॅप्लिकेशन क्लासच्या ऑनक्रिएटमध्ये बनवावा. सर्व्हिस सुरू होताना तो असणारच, याची खात्री त्यामुळे मिळते. महत्त्व ‘लो’ ठेवावे, म्हणजे दर बदलाला फोन वाजणार नाही. हे आधीच नीट ठरवावे, कारण एकदा चॅनल बनल्यावर त्याचे महत्त्व कोडमधून वाढवता येत नाही.

नोटिफिकेशनवर ‘फेरी संपवा’ हे बटण द्यावे. त्याचा दुहेरी फायदा आहे. चालकाला अ‍ॅप उघडावे लागत नाही. आणि अँड्रॉइड १२ पासून फोरग्राउंड सर्व्हिसचे नोटिफिकेशन १० सेकंदांपर्यंत उशिरा दाखवण्याची जी पद्धत आली, तिच्यातून बटण असलेले नोटिफिकेशन वगळलेले आहे. बटणाच्या पेंडिंगइंटेंटला (बटण दाबल्यावर जाणाऱ्या संदेशाला) इम्युटेबलचा, म्हणजे बदलता न येण्याचा, फ्लॅग लावावा.

## टप्पा ५: सर्व्हिस सुरू करणे

सुरुवात नेहमी अ‍ॅप पडद्यावर असताना, वापरकर्त्याच्या बटणावरूनच करावी. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘वापरकर्ता बाहेर पडला की सर्व्हिस लावू’ या विचाराने ती अ‍ॅक्टिव्हिटीच्या (अ‍ॅपच्या स्क्रीनच्या) ऑनस्टॉपमध्ये सुरू करणे. तोपर्यंत अ‍ॅप पडद्याआड गेलेले असते. सिस्टिम काही क्षणांची सवलत देत असल्यामुळे हा कोड आपल्या टेबलावर बिनबोभाट चालतो, आणि बाहेर अँड्रॉइड १२ व पुढच्या फोनवर अधूनमधून फोरग्राउंडसर्व्हिसस्टार्टनॉटअलाउडएक्सेप्शन देत कोसळतो. अधूनमधून येणारा दोष शोधायला सर्वांत कठीण असतो.

क्रम असा ठेवावा:

१. बटण दाबताच ते लगेच निष्क्रिय करावे.

२. लोकेशनची परवानगी आहे का आणि फोनचे लोकेशन चालू आहे का, हे पाहावे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

३. डेटाबेसमध्ये नवी फेरी ‘चालू’ अशी नोंदवावी आणि तिचा क्रमांक इंटेंटमध्ये (सर्व्हिसकडे जाणाऱ्या संदेशात) घालावा.

४. स्टार्टफोरग्राउंडसर्व्हिस बोलवावे.

५. सर्व्हिसच्या ऑनस्टार्टकमांडमध्ये पहिल्याच ओळीला स्टार्टफोरग्राउंड बोलवावे, आणि त्यात लोकेशन हा प्रकार द्यावा.

६. त्यानंतरच ठिकाणाचे अपडेट मागावेत.

पाचव्या पायरीला सिस्टिम मोजून ५ सेकंद देते. तेवढ्यात स्टार्टफोरग्राउंड झाले नाही, तर अ‍ॅप कोसळते. पाच सेकंद भरपूर वाटतात, पण हा वेळ मेन थ्रेडवर (स्क्रीन चालवणाऱ्या मुख्य धाग्यावर) जातो, आणि त्या थ्रेडवर त्याच वेळी डेटाबेस उघडणे, जाहिरातींची लायब्ररी जागी करणे अशी कामे लावून ठेवलेली असतात. नव्या फोनवर हे सगळे पटकन उरकते. दोन जीबी रॅमच्या, मेमरी काठोकाठ भरलेल्या फोनवर उरकत नाही, आणि चालकांच्या हातात बहुधा तसाच फोन असतो.

ऑनस्टार्टकमांडमध्ये इंटेंट नल (रिकामा) असेल तर लगेच परत फिरायचे, असा कोड अनेकांचा असतो. हेतू बरोबर आहे, जागा चुकीची आहे. स्टार्टफोरग्राउंड आधी, तपासण्या नंतर. मग कोणत्याही वाटेने आत आले तरी सिस्टिमला दिलेला शब्द पाळला जातो.

सावधान: स्टार्टफोरग्राउंडसर्व्हिस बोलवल्यानंतर, सर्व्हिस फोरग्राउंडमध्ये जाण्यापूर्वीच स्टॉपसर्व्हिस बोलवले, तरी हाच क्रॅश होतो. प्रत्यक्षात ते असे घडते: चालक ‘फेरी सुरू’ दाबतो, फोन मंद असल्यामुळे काहीच हलत नाही, तो पुन्हा दाबतो; दरम्यान बटणाचे नाव बदलून ‘फेरी संपली’ झालेले असते आणि दुसरी टिचकी त्यावर पडते. पहिल्या पायरीत बटण निष्क्रिय करायला सांगितले ते याचसाठी. सर्व्हिस खरोखर चालू झाल्याचे तिच्याकडून कळल्यावरच बटण नव्या नावाने सक्रिय करावे.

## टप्पा ६: चालू असताना

सर्व्हिस म्हणजे वेगळा थ्रेड नव्हे. तिचे कॉलबॅक मेन थ्रेडवरच चालतात, म्हणून डेटाबेसमध्ये लिहिणे आणि सर्व्हरशी बोलणे कोरूटीनमध्ये (मेन थ्रेड न अडवता चालणाऱ्या कामात) करावे, आणि त्या कोरूटीनचा स्कोप सर्व्हिसच्या मालकीचा असावा. ग्लोबलस्कोप वापरल्यास सर्व्हिस गेल्यावरही काम मागे घुटमळत राहते.

ऑनस्टार्टकमांडमधून काय परत करायचे, याचे उत्तर सवयीने ‘स्टार्ट स्टिकी’ असे दिले जाते. त्याचा अर्थ, प्रोसेस मारली गेली तर सिस्टिम सर्व्हिस पुन्हा उभी करेल, पण इंटेंट नल येईल. फेरीचा क्रमांक हातात नसेल. शिवाय अ‍ॅप पडद्याआड असल्यामुळे ‘वापरात असताना’ एवढ्या परवानगीवर पुन्हा उभ्या राहिलेल्या सर्व्हिसला लोकेशन प्रकाराने फोरग्राउंडमध्ये जाता येत नाही. माझ्या मते अशा अ‍ॅपमध्ये ‘स्टार्ट नॉट स्टिकी’ परत करणे अधिक सरळ आहे. तुटलेली फेरी टप्पा २ मधील प्रश्नाने निस्तरावी.

विसरलेल्या फेरीचा बंदोबस्त याच टप्प्यावर करायचा असतो. गाडी बराच वेळ एका जागी असेल, तर चालकाला विचारणारे नोटिफिकेशन द्यावे, आणि फेरीला एकूण वेळेची कमाल मर्यादा घालावी. काटोल ते कळमना हे अंतर काही तासांचे आहे. वाटेतील जेवण, पंक्चर आणि बाजाराबाहेरची रांग धरूनही मर्यादा १२ तासांपुढे नेण्याचे कारण दिसत नाही.

## टप्पा ७: सर्व्हिस बंद करणे

बंद करण्याची सर्व कामे एकाच फंक्शनमध्ये असावीत आणि ती फंक्शन सर्व्हिसच्या आत असावी. अ‍ॅपमधील बटण, नोटिफिकेशनवरील बटण आणि वेळेची मर्यादा या तिन्ही वाटा तिथेच येऊन मिळाल्या पाहिजेत. अ‍ॅक्टिव्हिटीमधून थेट स्टॉपसर्व्हिस बोलवण्याऐवजी ‘संपवा’ ही अ‍ॅक्शन असलेला इंटेंट सर्व्हिसकडे पाठवावा, म्हणजे शेवटच्या नोंदी जपून ठेवायला तिला उसंत मिळते. हा इंटेंट साध्या स्टार्टसर्व्हिसने पाठवावा. सर्व्हिस आधीच फोरग्राउंडमध्ये असल्यामुळे त्याला हरकत येत नाही.

आतला क्रम पुढीलप्रमाणे:

१. ठिकाणाचे अपडेट बंद करावेत.

२. मेमरीत साचलेले बिंदू डेटाबेसमध्ये लिहावेत आणि लिहून होईपर्यंत थांबावे.

३. फेरी ‘संपली’ अशी नोंदवावी. सर्व्हरवर पाठवण्याचे काम वर्कमॅनेजरकडे सोपवावे. नेटवर्कची वाट पाहत सर्व्हिस ताटकळत ठेवू नये. कळमन्याच्या आवारात सकाळच्या गर्दीत रेंज असेलच, असे धरून चालू नये.

४. वेकलॉक (फोनला झोपू न देणारी पकड) घेतला असेल तर सोडावा.

५. स्टॉपफोरग्राउंड बोलवून नोटिफिकेशन काढून टाकावे.

६. शेवटी स्टॉपसेल्फ बोलवावे.

पहिल्या पायरीतच एक चोरवाट आहे. अपडेट मागताना जो कॉलबॅक ऑब्जेक्ट दिला, तोच काढताना द्यावा लागतो. अनेकांच्या कोडमध्ये दोन्ही ठिकाणी नवा ऑब्जेक्ट तयार होतो. काढण्याची सूचना मुकाट्याने वाया जाते, कुठेही एरर दिसत नाही, आणि सर्व्हिस गेल्यावरही मागणी तशीच उभी राहते. कॉलबॅक सर्व्हिसच्या क्लासमध्ये एकदाच बनवून एका व्हेरिएबलमध्ये ठेवावा.

पाचवी आणि सहावी पायरी एकच आहे, असे समजू नये. स्टॉपफोरग्राउंडने फक्त नोटिफिकेशन जाते आणि सर्व्हिसचे संरक्षण सुटते. सर्व्हिस चालूच असते. नुसते तेवढेच करून थांबणाऱ्या अ‍ॅपमध्ये सगळे बंद झाल्यासारखे दिसते आणि आत काम चालू राहते.

स्टॉपसेल्फला ऑनस्टार्टकमांडमध्ये आलेला स्टार्टआयडी द्यावा. शेवटच्या नोंदी लिहिल्या जात असतानाच चालकाने नवी फेरी सुरू केली, तर जुन्या आयडीने केलेला स्टॉपसेल्फ नव्या फेरीचा गळा घोटत नाही, कारण शेवटचा आलेला आयडी जुळला तरच सिस्टिम सर्व्हिस थांबवते. मात्र पाचव्या पायरीला ही समज नसते. म्हणून नवी फेरी आली आहे का, हे स्टॉपफोरग्राउंडपूर्वी स्वतः तपासावे.

स्क्रीनने सर्व्हिसला बाइंड केले (स्वतःला तिच्याशी जोडून घेतले) असेल, तर सगळी बाइंडिंग सुटेपर्यंत स्टॉपसेल्फनंतरही ती नष्ट होत नाही. ‘स्टॉपसेल्फ बोलवले पण ऑनडिस्ट्रॉय येत नाही’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा येथेच सापडते. ऑनस्टार्टमध्ये बाइंड, ऑनस्टॉपमध्ये अनबाइंड, अशी जोडी कटाक्षाने ठेवावी.

सावधान: नोंदी जपण्याचे काम ऑनडिस्ट्रॉयवर सोपवू नये. प्रोसेस मारली गेल्यास ते कधीच बोलावले जात नाही. तिथे फक्त कोरूटीनचा स्कोप रद्द करावा, आणि पहिली पायरी राहून गेली असल्यास ती पुन्हा करावी. बिंदू फेरीभर मेमरीत साठवून ठेवण्यापेक्षा थोड्या थोड्या वेळाने डेटाबेसमध्ये लिहीत जावे, म्हणजे गमावायला फारसे काही उरत नाही.

## टप्पा ८: तपासणी

फोन केबलने संगणकाला जोडून एडीबी या फोनला आज्ञा देण्याच्या साधनाने तपासावे: ‘एडीबी शेल डमसिस अ‍ॅक्टिव्हिटी सर्व्हिसेस’ या आज्ञेपुढे आपल्या पॅकेजचे नाव द्यावे. फेरी चालू असताना सर्व्हिस यादीत दिसली पाहिजे आणि ‘इजफोरग्राउंड’पुढे ट्रू असले पाहिजे. फेरी संपवल्यावर हीच आज्ञा पुन्हा द्यावी. आता तिथे ‘नथिंग’ असे आले पाहिजे. नोटिफिकेशन गेले म्हणजे सर्व्हिस गेली, असा निष्कर्ष डोळ्यांनी काढू नये.

यानंतर टप्पा २ मधील कागद समोर ठेवून प्रत्येक वाट एकेकदा चालून पाहावी. चालू अ‍ॅप्सच्या यादीतील ‘स्टॉप’चा परिणाम ‘एडीबी शेल सीएमडी अ‍ॅक्टिव्हिटी स्टॉप-अ‍ॅप’ आणि पॅकेजचे नाव, या आज्ञेने तपासता येतो. रिसेंट्समधून अ‍ॅप सरकवून पाहावे. त्या वेळी सर्व्हिसला ऑनटास्करिमूव्ह्ड मिळते आणि सामान्यतः फेरी चालू राहिली पाहिजे. डेव्हलपर ऑप्शन्समधील ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ चालू करून स्क्रीन पुन्हा उघडावी. बटणावर बरोबर नाव दिसत नसेल, तर स्क्रीन सर्व्हिसला न विचारता स्वतःच्या आठवणीवर चालत आहे. फेरी चालू असताना फोनचे लोकेशन बंद करावे. सर्व्हिस चालूच राहते पण बिंदू येणे थांबते, आणि ही गोष्ट नोटिफिकेशनवर चालकाला कळली पाहिजे.

अ‍ॅप उघडताना मागील वेळी प्रोसेस कशामुळे गेली, हे अँड्रॉइड ११ पासून गेटहिस्टॉरिकलप्रोसेसएक्झिटरीझन्सने विचारता येते. ते उत्तर लॉगमध्ये टाकावे. ‘फेरी आपोआप बंद पडली’ अशी तक्रार आल्यावर चालकाने स्वतः थांबवले, मेमरी कमी पडली की अ‍ॅप कोसळले, हे फोनवर वाद न घालता समजते.

काही कंपन्यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची स्वतःची वेगळी यंत्रणा असते आणि ती फोरग्राउंड सर्व्हिसलाही जुमानत नाही. ‘ऑटोस्टार्ट’ आणि ‘बॅटरीवर निर्बंध नाही’ हे पर्याय तिथे हाताने लावावे लागतात, आणि त्याच्या पायऱ्या अ‍ॅपमध्ये मराठीत चित्रांसह दाखवणे हाच व्यवहार्य उपाय आहे. म्हणून शेवटची चाचणी केबलशिवाय, चालकांकडे असतात तशा दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर, स्क्रीन बंद ठेवून आणि प्रत्यक्ष रस्त्यावर करावी. ती उन्हाळ्यात करत असाल तर एक भान ठेवावे: नागपुरात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना काचेमागे ठेवलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो, वेग कमी करतो आणि कधी पूर्ण बंदही होतो. अशा दुपारी तुटलेली फेरी कोडमध्ये शोधत बसण्यापूर्वी तोच प्रवास पहाटे करून पाहावा.